गणित लांबणीवर टाकणारे प्रोग्राम

वाऱ्याचा वेग काढायचा तर हवामानशास्त्रज्ञाला दोन आकडे लागतात: वारा पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती. दोन्हींचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. शाळेतलंच पायथागोरसचं प्रमेय. युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए५’ या माहितीसंचात हे दोन्ही घटक साऱ्या पृथ्वीसाठी, पाव अंशाच्या जाळीवर, तासातासाला आणि तेही १९४० पासून मिळतात. जाळीत ७२१ गुणिले १४४०, म्हणजे १० लाख ३८ हजारांहून जास्त बिंदू आहेत. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केला की एका वर्षाच्या एका घटकाचे साधारण ९०९ कोटी आकडे होतात. आकड्यामागे चार बाइट धरले तर मेमरीत त्यांना ३६ गिगाबाइट जागा लागते.

आता समजा एखाद्या विद्यार्थिनीने १६ गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपवर पायथॉनमधल्या ‘एक्सअ‍ॅरे’ आणि ‘डास्क’ या लायब्ररी वापरून हे सूत्र एका ओळीत लिहिलं आणि एंटर दाबलं. पापणी लवायच्या आत पुढची ओळ लिहायला संगणक मोकळा. मेमरी भरलेली नाही, पंखाही फिरायला लागलेला नाही. एकाही आकड्याचा वर्ग अजून झालेला नाही, तेव्हा फिरेल कशाला? संगणकाने एवढंच टिपून ठेवलंय की कुणी मागितलाच तर वेग असा काढायचा आहे.

या पद्धतीचं नाव लेझी इव्हॅल्युएशन. उत्तर हातात पडणं अटळ होईपर्यंत गणित करायचं नाही. विज्ञानातली बहुतेक आकडेमोड टेन्सरवर चालते. टेन्सर म्हणजे संगणकाच्या भाषेत आकड्यांचा कितीही मितींचा संच: एका ओळीतली यादी, तक्ता, तक्त्यांची चळत, चळतींची रांग. वाऱ्याचा संच अक्षांश, रेखांश आणि वेळ असा तीन मितींचा आहे. टेन्सर मोठे असतात आणि त्यांच्यावर एकामागून एक क्रिया होतात, म्हणूनच त्या कधी करायच्या हा प्रश्न महागाचा ठरतो.

सरळमार्गी पद्धत नमपाय या लायब्ररीची आहे. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी उभी केलेली ही लायब्ररी २००६ साली १.० या आवृत्तीला पोचली आणि आज पायथॉनमधलं जवळजवळ सगळं वैज्ञानिक काम तिच्या खांद्यावर आहे. नमपाय सांगितलेलं लगेच करते. पहिल्या घटकाचा वर्ग करायला सांगितला की ३६ गिगाबाइट वाचते आणि ३६ गिगाबाइटचा नवा संच लिहिते. दुसऱ्याचंही तसंच. मग दोन्ही वर्ग पुन्हा वाचून बेरीज लिहायची, ती बेरीज वाचून वर्गमूळ लिहायचं. पाच वेळा वाचन, चार वेळा लेखन. मेमरीतून एकूण सव्वातीनशे गिगाबाइटची ने-आण. हेच सूत्र बिंदूगणिक एका दमात सोडवलं तर दोन घटक एकदाच वाचायचे आणि वेग एकदाच लिहायचा. तीन फेऱ्या, ११० गिगाबाइट. गुणाकार आणि बेरजा दोन्हीकडे तेवढ्याच आहेत. वाचली ती मधल्या संचांची हमाली.

तालुक्याच्या कचेरीत एकेक दाखला मागवत माणसाला पाच खेपा घालायला लावणारा कारकून सगळ्यांना माहीत असतो. पाचही कागदांची यादी पहिल्याच दिवशी मिळाली असती तर एका खेपेत काम उरकलं असतं. नमपायची अडचण हीच. दुसरी क्रिया येईपर्यंत तिला पहिलीच्या पलीकडचं काही माहीतच नसतं.

ही हमाली एवढी का खुपते हे समजण्यासाठी एक चिप पाहू. एनव्हिडियाचं ए१०० हे ग्राफिक कार्ड सेकंदाला ३२ बिटांच्या १९.५ लाख कोटी क्रिया करू शकतं. त्याच्या ८० गिगाबाइटच्या आवृत्तीत मेमरीतून सेकंदाला सुमारे २ टेराबाइट माहिती ये-जा करते. ऐकायला दोन्ही आकडे अफाट वाटतात. पण दोन संचांची साधी बेरीज करताना प्रत्येक बेरजेमागे आठ बाइट आत येतात आणि चार बाइट बाहेर जातात. २ टेराबाइटला १२ ने भागलं तर सेकंदाला १७ हजार कोटींपेक्षा कमी बेरजा होतात, म्हणजे कार्डाच्या गणिती ताकदीचा एक टक्कासुद्धा वापरला जात नाही. उरलेला वेळ चिप आकड्यांची वाट पाहत बसते. प्रोसेसरचा वेग आणि मेमरीचा वेग यांतलं अंतर दरवर्षी वाढतंय आणि एक दिवस ते भिंतीसारखं आडवं येणार, असा इशारा विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ साली एका छोट्याशा लेखात दिला होता. ती भिंत आता रोजच्या कामातली झाली आहे.

नुसतं लांबणीवर टाकून मात्र काहीच वाचत नाही. आज न केलेली बेरीज उद्या करावीच लागते. फायदा होतो तो मधल्या काळात सगळं सूत्र एकत्र नजरेसमोर आल्याचा. वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ ही एकाच फेरीत होणारी कामं आहेत हे तेव्हा प्रोग्रामच्या लक्षात येऊ शकतं. शेवटी फक्त वर्षाची सरासरी हवी असेल, तर वेगाचा ३६ गिगाबाइटचा संच कुठे लिहायचीही गरज उरत नाही. उत्तराला ४ मेगाबाइट पुरतात. आणि विद्यार्थिनीने पुढच्या ओळीत ‘फक्त जुलै, फक्त कोकणकिनारा’ असं म्हटलं, तर बाकी पृथ्वीचे तुकडे फाइलमधून उचललेही जात नाहीत.

ही कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेतून आली असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती तिच्याहून कितीतरी जुनी आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली ‘ए प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकात अख्ख्या तक्त्यांवर एका चिन्हाने क्रिया करणारी लिपी मांडली आणि तिच्यातून एपीएल ही भाषा जन्मली. एपीएलमध्ये ओळी आखूड असतात, पण त्या आखूड ओळीत दहा-दहा क्रिया कोंबलेल्या असतात आणि प्रत्येक क्रियेमागे एक मधला तक्ता तयार होतो. १९७० साली स्टॅनफर्डच्या फिलिप अब्राम्स यांनी आपल्या पीएचडी प्रबंधात एपीएल चालवणाऱ्या एका काल्पनिक यंत्राचा आराखडा दिला. त्यात दोन युक्त्या होत्या. पहिलीला त्यांनी ‘ड्रॅग-अलाँग’ म्हटलं: क्रिया लगेच न करता सूत्रासोबत ओढत न्यायची आणि अगदी शेवटी सगळ्या मिळून करायच्या. दुसरी होती ‘बीटिंग’. तक्ता उलटा करा, आडव्याचा उभा करा किंवा त्याचा एक कोपरा कापून घ्या, असं सांगितलं तर आकडे जागचे हलवायचेच नाहीत. कुठला आकडा मेमरीत कुठे सापडेल याचा पत्ता काढण्याचं सूत्र तेवढं बदलायचं.

ही दुसरी युक्ती आज नमपायच्या पोटात बसलेली आहे. कोट्यवधी आकड्यांचा तक्ता आडव्याचा उभा करायला तिला डोळ्यांना न जाणवणारा वेळ लागतो, कारण ती फक्त पत्त्याचं सूत्र बदलते. ‘सगळं लगेच’ करणारी म्हणून ओळखली जाणारी लायब्ररीही अशा काही कामांत मुलखाची आळशी असते. अब्राम्स यांच्या कल्पना पुढे ह्युलेट-पॅकार्डच्या ‘एपीएल ३०००’मध्ये प्रत्यक्ष उतरल्या, पण तेव्हा मेमरी किलोबाइटांत मोजली जात होती आणि एपीएलचे चाहते मूठभर होते.

इकडे फंक्शनल भाषांचं वेगळं घराणं होतं. १९७६ साली हेंडरसन आणि मॉरिस यांनी आणि त्याच वर्षी फ्रीडमन आणि वाइज यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, लागेपर्यंत काही न मोजणाऱ्या भाषेची मांडणी केली. त्या परंपरेतून १९९० मध्ये हॅस्केल आली. तिथे या आळशीपणाचं कौतुक निराळ्या कारणासाठी होतं: अनंत याद्यासुद्धा लिहिता येतात, कारण त्यांतले हवे तेवढेच घटक मोजले जातात. टेन्सरवाल्यांना अनंताचं आकर्षण नव्हतं. त्यांना मधले तक्ते नको होते.

नव्वदच्या दशकात हा प्रश्न सी-प्लस-प्लसवाल्यांच्या दारात येऊन बसला. भौतिकशास्त्रज्ञांना फोरट्रान सोडून या नव्या भाषेत यायचं होतं. तिच्यात बेरजेचं चिन्ह तक्त्यांसाठीही वापरता येत होतं आणि सूत्र वहीतल्यासारखं दिसत होतं. दिसायचं सुंदर, पळायचं बैलगाडीच्या चालीने, कारण प्रत्येक चिन्हामागे एक तात्पुरता तक्ता बनत होता. १९९५ मध्ये टॉड वेल्डह्यूझेन यांनी ‘एक्सप्रेशन टेम्प्लेट’ ही पद्धत प्रसिद्ध केली. डेव्हिड व्हँडेवूर्डही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. बेरजेच्या चिन्हाने बेरीज करायचीच नाही, ‘या दोघांची बेरीज’ अशी एक छोटी चिठ्ठी परत द्यायची. त्या बेरजेला कुणी गुणलं तर ‘त्या चिठ्ठीचा गुणाकार’ अशी आणखी मोठी चिठ्ठी. उत्तर एखाद्या खऱ्या तक्त्यात ठेवायची वेळ येते तेव्हा कंपायलर ही घडी उलगडतो आणि सगळ्या सूत्राचा मिळून एकच लूप लिहितो. किंमत म्हणजे, कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला तर कंपायलर पानंच्या पानं भरून तक्रार करतो आणि तिच्यात मूळ चूक शोधायला वेगळं कसब लागतं.

या परंपरेतली ‘आयगन’ ही लायब्ररी रोबोटशास्त्रापासून गूगलच्या टेन्सरफ्लो लायब्ररीपर्यंत सगळीकडे वापरात आहे, आणि आळशीपणाचे तोटे शिकायला तिच्यासारखं पुस्तक नाही. वरच्या ओळीत १ आणि २, खालच्या ओळीत ३ आणि ४ असा एक लहान तक्ता घ्या आणि त्यालाच ‘तू स्वतःच आडव्याचा उभा हो’ असं सांगा. खरं उत्तर: वर १ आणि ३, खाली २ आणि ४. पण आयगन आधी पूर्ण उत्तर काढून मग लिहीत नाही. एकेक घर वाचते आणि लगेच भरते. खाली डावीकडे वरच्या उजवीकडचा २ येतो. मग वर उजवीकडे भरायला ती खाली डावीकडे बघते तर तिथला ३ केव्हाच पुसला गेलेला, त्याजागी २ बसलेला. निकाल येतो वर १ आणि २, खाली २ आणि ४. तीन हा आकडा जगातून नाहीसा. आयगनच्या माहितीपत्रात हेच उदाहरण ‘असं करू नका’ म्हणून दिलेलं आहे आणि जागच्या जागी उलटवण्यासाठी वेगळी आज्ञा ठेवली आहे.

दुसरा तोटा आणखी शिकवणारा आहे. दोन तक्त्यांची बेरीज करून तिला तिसऱ्याने गुणायचं असं समजा. तिन्ही हजार बाय हजारचे. तक्त्यांच्या गुणाकारात पहिल्या तक्त्यातला प्रत्येक आकडा हजारदा लागतो. बेरीज ‘लागेल तेव्हा’ करायची म्हटलं तर तीच बेरीज हजारदा करावी लागेल. इथे शहाणपण उलट आहे: बेरीज आधी करून ठेवावी आणि मगच गुणाकाराला बसावं. म्हणून आयगन प्रत्येक उपसूत्राचा खर्च मांडते आणि कुठे थांबायचं, कुठे लगेच उरकायचं ते ठरवते. तक्त्यांचा गुणाकार तर ती सहसा लगेच करून वेगळ्या जागी ठेवते. आळशी म्हणवणाऱ्या चांगल्या लायब्ररी अशा निवडक आळशी असतात, आणि या निवडीतच त्यांच्या लेखकांचं खरं कौशल्य दिसतं.

सगळं सूत्र आधी दिसण्याचा सर्वांत मोठा लाभ कधीकधी क्रम बदलण्यात असतो. हजार बाय हजारचे दोन तक्ते आणि हजार आकड्यांची एक उभी यादी, या तिघांचा गुणाकार घ्या. डावीकडून सुरुवात केली तर आधी तक्त्याला तक्त्याने गुणायचं: १०० कोटी गुणाकार. उजवीकडून केली तर दोन्ही वेळा तक्त्याला यादीनेच गुणायचं: सगळे मिळून २० लाख. उत्तर तेच, श्रम पाचशेपट कमी. पहिली जोडी दिसताच गुणायला धावणाऱ्या प्रोग्रामला ही संधी कधी दिसतच नाही.

तिघांऐवजी शेकडो टेन्सर असले की क्रमाची निवड हेच एक संशोधन होतं. २०१९ मध्ये गूगलने ‘सिकमोर’ या ५३ क्यूबिटच्या क्वांटम चिपने २०० सेकंदांत केलेलं काम साध्या महासंगणकाला १० हजार वर्षं लागेल असा दावा केला. हे काम टेन्सरांचं एक प्रचंड जाळं म्हणून लिहिता येतं. त्या जाळ्यातले दुवे कोणत्या क्रमाने मिटवायचे हे हुशारीने ठरवत चीनमधल्या फेंग पान, केयांग चेन आणि पान झांग यांनी २०२२ साली ५१२ ग्राफिक कार्डांवर तशाच नमुन्यांचं गणित सुमारे १५ तासांत केलं. सर्किट तेच. बदलली ती मुख्यतः मांडणी. एकही टेन्सर मिटवण्याआधी सगळं जाळं कागदावर असल्याशिवाय अशी मांडणी सुचणं शक्य नव्हतं.

न्यूरल नेटवर्कच्या जगात मात्र या पद्धतीचं आणि माणसांचं चांगलंच वाजलं. मॉन्ट्रियल विद्यापीठातली ‘थिआनो’ ही या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या लायब्ररींपैकी एक, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये गूगलने सर्वांसाठी खुली केलेली ‘टेन्सरफ्लो’ हीदेखील, आधी पूर्ण आराखडा लिहून घेत आणि मग तो चालवत. दोन आकड्यांची बेरीज केली आणि छापून बघितली तर पडद्यावर बेरीज येत नसे. ‘इथे बेरीज नावाचा एक टेन्सर आहे, त्याचा प्रकार अमुक’ अशी नोंद येई. खरा आकडा हवा तर ‘सेशन’ उघडून तो मागावा लागे. चूक झाली तर ती लिहिलेल्या ओळीवर न सापडता आराखडा चालताना भलत्याच ठिकाणी फुटे. संशोधकाचं निम्मं काम म्हणजे मध्येच थांबून आकडे कसे दिसताहेत ते बघणं. नेमकं तेच अवघड होऊन बसलं होतं.

२०१५ मध्येच जपानच्या ‘चेनर’ने उलट वाट धरली होती: ओळ वाचली की ती चालवायची. २०१७ च्या जानेवारीत फेसबुककडून आलेल्या ‘पायटॉर्च’ने ती वाट राजमार्ग केली. वेगाच्या हिशोबात ती कागदावर मागे होती, तरी विद्यापीठांतले लोक तिच्याकडे लोटले. सप्टेंबर २०१९ मध्ये टेन्सरफ्लो २.० आली आणि तिनेही ‘लगेच’ हीच मूळ पद्धत केली. आराखडा हवा असेल त्याने फंक्शनवर तशी खूण करावी, एवढीच सोय ठेवली. या लढाईत माणसाच्या सोयीने यंत्राच्या सोयीवर मात केली, आणि ते योग्यच झालं. जो कोड चालताना बघता येत नाही तो सुधारताही येत नाही.

पण भिंत होतीच. ग्राफिक कार्डांची गणिती ताकद वाढत गेली आणि मधल्या तक्त्यांची हमाली अधिकाधिक बोचू लागली. मार्च २०२३ मध्ये आलेल्या पायटॉर्च २.० ने तडजोड काढली. माणसाने कोड नेहमीसारखा लिहावा. पायटॉर्च पायथॉनच्या यंत्रणेत डोकावून टेन्सरांच्या क्रिया गुपचूप टिपते, सलग सापडलेल्या तुकड्याचा आराखडा बनवते, त्यातल्या फेऱ्या एकत्र करते. मध्ये एखादं न कळणारं काम आलं तर आराखडा तिथे तोडते, ते काम साध्या पद्धतीने उरकते आणि पुढे नवा आराखडा सुरू करते. पायटॉर्चच्या चमूने १६३ मॉडेलांवर ही सोय तपासली. त्यांच्या सांगण्यानुसार ९३ टक्के ठिकाणी ती चालली आणि ए१०० कार्डावर प्रशिक्षणाचा वेग सरासरी ४३ टक्क्यांनी वाढला.

अ‍ॅपलने डिसेंबर २०२३ मध्ये आणलेली ‘एमएलएक्स’ ही लायब्ररी मात्र पुन्हा उघडपणे आळशी आहे. तिचा एक छोटा फायदा मोठा बोलका आहे. मॉडेल तयार करताना त्याचे भार आधी ३२ बिटांच्या यादृच्छिक आकड्यांनी भरायचे आणि मग फाइलमधले १६ बिटांचे खरे भार त्यांच्या जागी ठेवायचे, ही सर्वसाधारण रीत. लगेच काम करणाऱ्या लायब्ररीत ते निरुपयोगी ३२ बिटांचे आकडे खरोखर तयार होतात आणि मेमरी अडवतात. एमएलएक्समध्ये ते कधी जन्मालाच येत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारण्याआधीच त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते. लॅपटॉपवर मोठं मॉडेल चालवणाऱ्याला निम्म्या मेमरीची ही बचत फार मोलाची. त्याच लायब्ररीत, प्रशिक्षणाच्या प्रत्येक फेरीअखेर ‘आता मोजा’ असं सांगायला विसरलात तर न केलेल्या कामांची यादी वाढत वाढत जाते आणि एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या ‘छापा’ आज्ञेवर सगळं साठलेलं काम एकदम अंगावर येतं.

या सगळ्याची रोजची गरज किती, हे पुण्याच्या एका माहितीसंचावरून चांगलं कळतं. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने देशाच्या पावसाचा दैनंदिन संच पाव अंशाच्या जाळीवर तयार केला आहे. तो १९०१ पासूनचा आहे. त्याची जाळी १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदूंची. वर्षाचे मिळून साधारण २५ मेगाबाइट होतात. १२० वर्षांचा सगळा पाऊस ३ गिगाबाइटांत मावतो. शंभराहून अधिक मोसमी पावसाळ्यांचा अभ्यास करणाऱ्याने हा संच सरळ मेमरीत घ्यावा आणि नमपायने कामाला लागावं. इथे डास्क आणलं तर उलट वेळ जातो, कारण डास्क प्रत्येक लहान कामाच्या व्यवस्थापनावर मिलिसेकंदाच्या पाचव्या भागापासून एका मिलिसेकंदापर्यंत खर्च करते. तुकडे फार बारीक करून दहा लाख कामं केली तर नुसत्या व्यवस्थापनात साधारण तीन ते सतरा मिनिटं जाऊ शकतात. ईआरए५ सारख्या टेराबाइटांच्या संचासमोर हा खर्च नगण्य ठरतो. तीन गिगाबाइटसाठी तो अनाठायी आहे.

आणि मोठ्या संचातही एक प्रसिद्ध खड्डा आहे. हवामानशास्त्रात सर्वांत जास्त केलं जाणारं गणित म्हणजे सरासरीपासूनचा फरक: यंदाचा वारा नेहमीपेक्षा किती जास्त? त्यासाठी मूळ संच दोनदा लागतो, एकदा सरासरी काढायला आणि दुसऱ्यांदा त्यातून ती वजा करायला. डास्कला सगळं सूत्र आधीच दिसतं. तेव्हा ती हिशोबीपणे म्हणते, हे तुकडे पुन्हा लागणार आहेत, टाकून कशाला द्यायचे? सरासरीचा शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत ती आधीचे सगळे तुकडे धरून ठेवते, आणि ज्या मेमरीची बचत करायला हे सारं मांडलं तीच भरून वाहते. जाणता माणूस इथे हस्तक्षेप करतो. आधी सरासरी मोजून घेतो, तुकडे सोडून देतो आणि फाइल सरळ दुसऱ्यांदा वाचतो. डिस्कवरून दोनदा वाचणं हे एकदा वाचून जपून ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे त्या आराखड्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

मोठी हवामान प्रारूपं स्वतः मात्र अजूनही बहुतांशी फोरट्रानमध्ये चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये सुरू झालेला ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ असो की परदेशातला एखादा महासंगणक, तिथल्या प्रारूपांत लूप माणसाने लिहिलेला असतो आणि मधल्या तक्त्यांची काळजी कंपायलर घेतो. पण क्रिया एकत्र करण्याचा मोह तिथेही असतो, अगदी खालच्या पातळीवर. आजचे प्रोसेसर गुणाकार आणि त्यामागची बेरीज एकाच आज्ञेत करतात. एरवी गुणाकाराचं उत्तर शेवटच्या अंकाला गोल करून ठेवलं जातं आणि मग बेरीज होते. एकत्रित आज्ञेत ते मधलं उत्तर गोल होतच नाही, कारण ते कुठे ठेवलं जात नाही. परिणाम उलट सहसा जास्त अचूक असतो. पण वेगळा असतो. मधलं उत्तर कुठे गोल होतं त्यावर शेवटचा अंक बदलतो: संगणकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून ०.३ मिळवले तर शेवटी ०.६००००००००००००००१ येतं, आणि ०.२ आणि ०.३ ची बेरीज आधी केली तर ०.६, हे कुठल्याही लॅपटॉपवर करून बघता येतं.

अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर इथे राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आहे. तिथल्या सीईएसएम या हवामान प्रारूपासाठी एक सांख्यिकी चाचणी ठेवलेली आहे. नव्या संगणकावर प्रारूप चालवलं की निघणारं हवामान विश्वासार्ह संगणकावरच्या हवामानाशी जुळतं का, हे ती तपासते. शेवटच्या अंकातले फरक ती माफ करते. हवामानाचा स्वभाव बदलला तर नापास करते. अर्गोन प्रयोगशाळेतल्या ‘मिरा’ या महासंगणकावर प्रारूप नापास झालं. कोडमध्ये चूक सापडेना. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधात कारण निघालं ते हीच एकत्रित गुणाकार-बेरीज, आणि तिचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो ढगांतल्या थेंबांचं आणि बर्फकणांचं गणित करणाऱ्या भागात. ती आज्ञा कंपायलरला बंद ठेवायला सांगितल्यावर मिरावरचं हवामान बाकीच्या संगणकांशी जुळलं.